गाडीच्या पाठीवरील धूळ
(इयत्ता सहावी व सातवीच्या सामान्य विज्ञानासाठी एक पाठ)

फेब्रुवारी-मार्चच्या दिवसांत पुण्याच्या स्वारगेट स्थानकावर भोर, सासवड या बाजूंकडून येणाऱ्या एस. टी. गाड्या पाहिल्या, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. गाडीचे तोंड त्या मानाने स्वच्छ असते. काचेवर चिरडलेली चिलटे व किडे यांचे डाग तेवढे दिसतात. पाठ मात्र धुळीने पार माखलेली असते. बंपर, क्रमांकाची पाटी, लाल दिवे, मागची काच या सर्वांवर एकसारखा तांबूस करडा थर चढलेला असतो. कोणी पोराने त्यावर बोटाने आपले नावही लिहिलेले असते. शहरातील खाजगी मोटारींचीही हीच तऱ्हा असते. मालक सकाळी गाडी पुसून बाहेर पडतो आणि एखाद्या बांधकामावरील कच्च्या रस्त्याने जाऊन आला, की सायंकाळी मागचा बंपर पुन्हा पहिल्यासारखा होतो.

यात नवल ते काय, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु थोडा विचार केला तर हे कोडे आहे. गाडी पुढे धावते आणि उडालेली धूळ मागे राहते. मग मागे राहिलेली धूळ पुढे जाणाऱ्या गाडीच्या पाठीवर बसते कशी? पाठीचा पृष्ठभाग मागे तोंड करून असतो. त्याला येऊन चिकटावयाचे, तर धुळीच्या कणाने गाडीपेक्षाही अधिक वेगाने धावून तिला गाठले पाहिजे. गाडी ताशी 60 किलोमीटर वेगाने जात असेल, तर कणाला त्याहून थोडा अधिक वेग हवा. रस्त्यावर निपचित पडलेल्या कणाला हा वेग देतो कोण?

हा प्रश्न फळ्यावर लिहून पाठास आरंभ करावा व उत्तर आयते सांगू नये. हवेचा दाब, हवेची हालचाल, घर्षणाने निर्माण होणारी विद्युत हे भाग पुस्तकात निरनिराळ्या प्रकरणांत विखुरलेले असतात. येथे ते एका बंपरवर एकत्र भेटतात. खेड्यातील शाळेत उपकरणे नसली, तरी धूळ आणि एस. टी. या दोन गोष्टींची वाण कोठेच नसते. पहिली एस. टी. 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, गेली. तेव्हापासून या गाडीची पेटीसारखी, सपाट पाठीची आकृती खेड्यातील मुलांच्या ओळखीची झालेली आहे.

चाक आणि वारा

'धूळ चाकाने उडते,' हे उत्तर मुले लगेच देतील. ते खरे आहे, पण अर्धे. त्याचा धिक्कार न करता सायकलचे उदाहरण घ्यावे. पावसाळ्यात मडगार्ड नसलेली सायकल चालविली, की सदऱ्यावर पाठीच्या मधोमध चिखलाची उभी रेघ उठते. चाकाला लागलेला चिखल कडेच्या सरळ रेषेत सुटतो आणि वर फेकला जातो. मडगार्ड लावले की रेघ नाहीशी होते. मोटारीच्या चाकामागे लोंबणारा रबरी पडदाही याच कामासाठी असतो. आता मुलांना विचारावे : एस. टी.ला मडगार्ड आहे, रबरी पडदाही आहे, तरी धूळ मागच्या काचेपर्यंत चढलेली असते. ती काच पुरुषभर उंचीच्याही वर असते. चाकाने उडविलेला खडा तर मागच्या मागे जातो. तो उलट फिरून काचेवर येत नाही. म्हणजे चाक धूळ उठविते एवढेच. तिला गाडीच्या पाठीवर नेऊन ठेवणारा दुसराच कोणी असला पाहिजे.

येथे वर्ग थांबवून शक्य असल्यास मुलांना ओढ्याकाठी न्यावे. घोट्याएवढ्या वाहत्या पाण्यात एखादा चौकोनी, पाण्याबाहेर डोके काढलेला दगड निवडावा. त्याच्या वरच्या बाजूने सुकी पाने किंवा भुसा सोडावा. दगडाच्या दोन्ही कडांनी पाणी वेगाने निघून जाते. पण दगडाच्या मागे, खालच्या अंगास, पाणी गोल फिरत असते. त्या भागात शिरलेले पान प्रवाहाबरोबर खाली जात नाही. ते उलटे, प्रवाहाविरुद्ध, दगडाकडे येते, त्याला चिकटते, सुटते, पुन्हा फिरते. पुण्यात मुठेला पूर आला म्हणजे पुलांच्या खांबांमागे फेस व कचरा असाच घोटाळत राहिलेला दिसतो. येथे मुलांकडून वदवून घ्यावयाची गोष्ट एकच : वाहते पाणी अडथळ्याच्या मागे परत फिरते.

ओढ्यात दगड स्थिर असतो व पाणी वाहते. रस्त्यावर हवा स्थिर असते व गाडी धावते. या दोहोंत फरक नाही, हे पटविण्यास थोडे श्रम पडतात. धावत्या गाडीतून हात बाहेर काढला (तो काढू नये हेही जाता जाता सांगावे), तर वारा समोरून अंगावर आल्यासारखा वाटतो, हा अनुभव प्रत्येकाला असतो. गाडीत बसलेल्यास गाडी स्थिर व हवा वाहती वाटते. तेव्हा एस. टी. म्हणजे वाऱ्याच्या ओढ्यातील एक मोठा तांबडा दगड, असे समजण्यास हरकत नाही.

मेणबत्तीचा प्रयोग

ओढा जवळ नसेल किंवा कोरडा पडला असेल, तर पुढील प्रयोग वर्गातच करावा. खर्च मेणबत्तीचा. मेजावर पेटती मेणबत्ती ठेवावी. तिच्यापुढे सुमारे तीन बोटे अंतरावर पोस्टकार्डाएवढा ताठ पुठ्ठा उभा धरावा. ज्योत पुठ्ठ्याच्या मध्याच्या पातळीत असावी. आता पुठ्ठ्याच्या पुढल्या बाजूने, एक वीत अंतरावरून, पुठ्ठ्याच्या बरोबर मध्यावर जोराने फुंकर घालावी. ज्योत मागे वाकेल, विझेल किंवा हलणार नाही, असे तीन अंदाज मुले अगोदर सांगतील. ते फळ्यावर नोंदवावेत. प्रत्यक्षात ज्योत पुठ्ठ्याकडे, म्हणजे फुंकणाऱ्याच्याच दिशेला, झुकते.

मग पुठ्ठा काढून त्या जागी गोल बाटली ठेवावी व तशीच फुंकर घालावी. या वेळी बाटलीआड असूनही ज्योत मागे वाकते आणि बहुधा विझते. हवा बाटलीच्या गोल अंगाला धरून वळते व पलीकडे पुन्हा एकत्र येते. पुठ्ठ्याच्या धारदार कडेवरून मात्र तिला एकाएकी वळता येत नाही. ती सरळ पुढे निघून जाते आणि पुठ्ठ्याच्या मागे पोकळी राहू पाहते. ती भरण्यास मागची हवा उलटी फिरून येते; तिच्याबरोबर ज्योतही येते.

हा प्रयोग पुष्कळदा फसतो, आणि तो फसला की मुलांचा विश्वास उडतो. म्हणून शिक्षकाने आदल्या दिवशी तो करून पाहावा. पंखा बंद हवा, दार-खिडकी लावलेली हवी. पुठ्ठा फार लहान असल्यास फुंकर कडेवरून थेट ज्योतीवर जाते. पुठ्ठा फार मोठा असल्यास हवा मागे पोहोचतच नाही.

वस्तूच्या अंगालगत हवेचा एक अत्यंत पातळ थर मंदावतो आणि काही ठिकाणी तो पृष्ठभागापासून सुटून अलग होतो, ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांनी 1904 साली मांडली. विमानांपासून पुलांपर्यंतची पुढील शास्त्रीय रचना याच पायावर उभी राहिली. सहावीच्या मुलांना हे नाव सांगण्याची आवश्यकता नाही. शिक्षकाला मात्र ठाऊक असावे.

सपाट पाठीच्या गाडीमागे हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर घडतो. छप्पर, दोन्ही बाजू व तळ यांवरून येणारी हवा मागच्या कडांशी सुटते. तिच्या मधोमध, पाठीला लागून, हवेचा एक मोठा भोवरा गाडीबरोबरच प्रवास करीत असतो. या भागातील दाब भोवतालच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो. किती कमी? ताशी 60 किलोमीटर वेगाच्या बसबाबत हा फरक स्थूलमानाने तीन मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या भाराएवढा धरता येईल. पुण्यातील हवेचा एकूण दाब साडेनऊ मीटरांहून थोड्या अधिक उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. त्याच्या तुलनेने हा फरक नगण्य दिसतो. पण बसच्या पाठीचे क्षेत्रफळ सहा चौरस मीटर घेऊन सातवीच्या मुलांकडून गणित करवून घ्यावे. सहा चौरस मीटरांवर तीन मिलिमीटर पाणी म्हणजे 18 लिटर, वजनाने 18 किलोग्रॅम. एक मोठी भरलेली बादली जणू सतत गाडीला मागे ओढीत असते. धुळीला ओढून घेण्यास एवढे बळ पुरेसे होते.

चाकांनी उठविलेली धूळ गाडीच्या तळाखालून मागे येते, ती थेट या भोवऱ्याच्या तोंडात. भोवरा तिला वर उचलतो आणि पुढे, म्हणजे गाडीच्या पाठीकडे, फेकतो. कणाला गाडीहून अधिक वेग देणारा तो हाच. धूर सोडणारी नळीही बहुधा तेथेच मागे असते. त्यामुळे धुळीत काजळी मिसळते व थर अधिक चिकट होतो.

बारीक कण, मोठे कण

धुळीतील सर्वच कण या भोवऱ्यात सापडत नाहीत. हा भाग मुलांना फार आवडतो, त्यामुळे त्यास थोडा अधिक वेळ द्यावा. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा वाळूचा कण संथ हवेत एक मीटर उंचीवरून सोडला, तर सुमारे दोन सेकंदांत खाली येतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा कण तेवढेच अंतर उतरण्यास सुमारे दोन मिनिटे घेतो. आकार दहापट लहान झाला, पण पडण्याचा वेळ साठपट झाला. एवढ्या वेळात बस दोन किलोमीटर पुढे गेलेली असते! जड कण रस्त्यावर पडून जातात. हलके कण हवेबरोबर वाटेल तिकडे फिरतात. पाठीवर बसणारी धूळ पिठासारखी मऊ लागते, त्याचे कारण हेच. वर्गात हे दाखविण्यास चिमूटभर वाळू व चिमूटभर चाळलेली राख उन्हाच्या कवडशात सोडावी. वाळू खळकन पडते, राख कवडशात तरंगत राहते.

श्वासावाटे छातीत जाणारे कणही हेच. 1962 साली पुण्यात स्थापन झालेल्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी हवेतील धूळ मोजतात, तेव्हा दहा मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, ही एक मर्यादा धरतात. याहून लहान कण नाकातील केसांना चुकवून आत जाऊ शकतात. एस. टी. गावातून निघाली की तिच्यामागे धावत जाण्याची खोड पुष्कळ मुलांना असते. ती मुले नेमकी या कणांच्या ढगात धावत असतात. मागच्या शिडीला लोंबकळणाऱ्या धीट पोरांच्या काळापासून ही खोड चालत आली आहे. नुसते रागावून ती मोडली नाही. ढगात काय असते हे कळल्याने कदाचित मोडेल.

आता पुढच्या काचेवरील किड्यांचे कोडेही सुटते. गाडीच्या तोंडाशी हवा दुभंगून बाजूंना वळते. बारीक धूळ तिच्याबरोबर वळते व काचेस न लागता निघून जाते. किडा त्या मानाने जड. त्याला एकाएकी वळता येत नाही आणि तो काचेवर आपटतो. म्हणून तोंडावर किडे आणि पाठीवर धूळ, अशी ही वाटणी असते.

मोटारींच्या आकारांचीही तुलना करता येईल. जुन्या अॅम्बॅसॅडरसारख्या गाडीला मागे वेगळी डिकी असते. तिची मागची काच तिरपी, छपरावरून उतरत आलेली असते, त्यामुळे काचेवर धूळ कमी व डिकीच्या उभ्या भागावर अधिक बसते. 1998 साली बाजारात आलेल्या, पिंपरीस तयार झालेल्या इंडिकासारख्या गाडीची पाठ छपरापासून जवळजवळ सरळ खाली येते. तेथे काचही भोवऱ्याच्या टप्प्यात सापडते. अशा आखूड पाठीच्या पुष्कळ मोटारींना मागच्या काचेवरही वायपर असतो, डिकीच्या गाड्यांना तो सहसा नसतो. रस्त्याकडेस बसून दहा गाड्या मोजल्या, की मुलांना हा नियम आपला आपण सापडतो.

याच कारणास्तव एक धोका सांगणे अगत्याचे आहे. सामान मोठे असले म्हणजे मागचे दार उघडे ठेवून, ते दोरीने बांधून गाडी नेण्याची पद्धत सर्रास दिसते. अशा वेळी मागच्या भोवऱ्यातील धूळ व धूर दोन्ही गाडीत ओढले जातात. धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू असतो. धूळ डोळ्यांना दिसते, हा वायू दिसत नाही.

बंपर स्वच्छ कसा राहील?

प्रश्न व्यवहाराचा आहे आणि त्याचे पहिले उत्तर काहीसे निराशेचे आहे : धूळ मुळीच बसू नये असा उपाय नाही. चाकामागील रबरी पडद्याने चिखल व खडी अडते. भोवऱ्यातील बारीक धूळ त्याला वळसा घालून येते. कच्च्या रस्त्यावर वेग कमी केल्यास धूळही कमी उठते व भोवराही मंदावतो. पुढच्या गाडीच्या ढगात न शिरता अंतर राखून चालविल्यासही फरक पडतो. गाडी उभी करताना तिची पाठ कच्च्या रस्त्याकडे न करता भिंतीकडे केली, तर जाणाऱ्या-येणाऱ्यांची धूळ थोडी चुकते. यापलीकडे पुसणे आले.

पुसण्याची सर्वसाधारण रीत मात्र चुकीची आहे. कोरडे फडके घेऊन बंपर खसाखसा घासतात. धुळीत दगडाची व वाळूची टोकदार कणी असते; गारगोटीची कणी तर काचेवरही ओरखडा काढते, मग रंगाचा काय पाड? घासणारा धूळ काढीत नाही, तो पॉलिश कागद फिरवितो. एका जुन्या डब्याच्या रंगीत झाकणावर थोडी वाळू टाकून कोरड्या फडक्याने घासावे व दुसऱ्या झाकणावरील वाळू अगोदर पाण्याने वाहू देऊन मग पुसावे. दोन्ही झाकणे उन्हात तिरपी धरून मुलांना दाखवावीत.

कोरड्या फडक्याचा दुसरा दोष अधिक गमतीचा आहे. पूर्वी बंपर लोखंडी पत्र्याचे, वर चकचकीत मुलामा दिलेले असत. आज बहुतेक मोटारींचे बंपर प्लॅस्टिकचे असतात. प्लॅस्टिक कोरड्या कापडाने घासले की त्यावर विद्युतभार निर्माण होतो आणि तो हलके कण ओढून घेतो. कोरड्या केसांतून फिरविलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, तोच हा प्रकार. प्लॅस्टिकची पट्टी कोरड्या फडक्याने घासून रांगोळीवर धरावी. कण उडून चिकटतील. मग ती ओल्या फडक्याने पुसून पुन्हा धरावी. आता जवळजवळ काहीच चिकटणार नाही, कारण ओलाव्यातून भार निघून जातो. हा प्रयोग हिवाळ्याच्या कोरड्या हवेत उत्तम साधतो. श्रावणात करू नये, फसेल. तात्पर्य, ज्याने हौसेने दिवसातून दोनदा बंपर कोरडा घासला, त्याने नव्या धुळीला निमंत्रणच दिले.

तेव्हा प्रथम पाणी ओतून धूळ वाहू द्यावी, मग मऊ ओल्या फडक्याने वरून खाली पुसावे व फडके वारंवार बादलीत पिळावे. यास अर्धी बादली पुरते. नळाला पाइप लावून गाड्या धुण्याची शहरी चैन येथे शिकवू नये. बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर या तालुक्यांतील कित्येक गावांची मुले उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. त्यांच्यापुढे गाडी धुण्याचा पाठ देणे विसंगत होईल. पाणी थोडे असेल तेथे बंपर मळलेला राहिला तरी काही बिघडत नाही. तांब्याभर पाण्यात जे पुसता येईल तेच पुसावे : लाल दिवे, परावर्तक व क्रमांकाची पाटी.

परावर्तकाचे गणित

बंपरवरील धूळ शोभा घालविते. त्याच उंचीवर असलेल्या दिव्यांवरील धूळ जीव घेऊ शकते. चालकाला पुढची काच मळलेली दिसते आणि तो ती पुसतो. पाठ त्याला दिसत नाही. दिवसभर कच्च्या रस्त्याने चाललेल्या गाडीच्या लाल दिव्याला अंधार पडेपर्यंत किती जाड बुरखा आला आहे, हे त्याच्यामागून येणाऱ्यालाच कळते, तेही वेळेवर कळले तर.

मोटार वाहनांचा मागील लाल दिवा 155 मीटरांवरून दिसावा आणि मागील क्रमांक रात्री 15 मीटरांवरून वाचता यावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांत म्हटले आहे. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे पावणेसतरा मीटर. रस्त्यात थांबलेल्या गाडीचा दिवा 155 मीटरांवरून दिसला, तर मागून येणाऱ्यास नऊ सेकंदांहून थोडा अधिक वेळ मिळतो. तोच दिवा धुळीमुळे 40 मीटरांवरून दिसला, तर अडीच सेकंदही मिळत नाहीत. हे भागाकार मुलांकडूनच करवून घ्यावेत. शाळेच्या पटांगणावर 40 मीटर व रस्त्यावर 155 मीटर पावलांनी मोजून दोन्ही टोकांस मुले उभी करावीत.

परावर्तकाची गोष्ट याहून वाईट आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दिव्याचा प्रकाश आतून बाहेर येताना धुळीतून एकदाच जातो. धूळ निम्मा प्रकाश अडवीत असेल, तर निम्मा बाहेर पडतो. परावर्तकाला स्वतःचा प्रकाश नसतो. मागच्या वाहनाचा प्रकाश धुळीतून आत जातो आणि परतताना पुन्हा त्याच धुळीतून बाहेर येतो. पहिल्या खेपेस निम्मा राहिला, दुसऱ्या खेपेस निम्म्याचा निम्मा. उरला चतुर्थांश. धुळीने तीनचतुर्थांश प्रकाश अडविला, तर दिव्याचा चौथा भाग शिल्लक राहील, परावर्तकाचा अवघा सोळावा. अपूर्णांकांचा गुणाकार शिकविण्यास याहून सयुक्तिक उदाहरण मिळणे कठीण. प्रत्यक्ष दाखविण्यास एक काच, थोडी चाळलेली माती व विजेरी पुरे. काचेवर मातीचा पातळ थर देऊन ती विजेरीपुढे धरावी. मग तीच काच सायकलच्या मागील तांबड्या परावर्तकापुढे धरून दुरून विजेरी टाकावी. दोहोंतील अंतर अंधारलेल्या वर्गातही डोळ्यांत भरते.

आता ज्या गाड्यांस दिवेच नसतात त्यांचा विचार करावा. ऊसतोडणीच्या हंगामात माळेगाव, सोमेश्वर यांसारख्या कारखान्यांच्या वाटेवर पहाटे व रात्री उसाच्या टायरगाड्या व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग लागते. बैलगाडीचा वेग ताशी चार-पाच किलोमीटर. मागून येणारी मोटार तिच्या दसपटीहून अधिक वेगाने येते. गाडीवानाचे सारे संरक्षण म्हणजे मागे लावलेला तांबड्या चकाकत्या कापडाचा वा प्लॅस्टिकचा तुकडा. त्यावर शेतातील वाटेची धूळ बसते, आणि पुष्कळदा उसाची वाढे त्यावर लोंबत असतात. ही गाडी म्हणजे सपाट पाठीचेच वाहन असले, तरी बैलांच्या चालीने भोवरा नाममात्रच होतो. तिच्यावरील धूळ शेजारून भरधाव जाणाऱ्या मोठ्या वाहनांनी उडविलेली असते. म्हणजे एकाने उडविलेल्या धुळीने दुसऱ्याची खूण झाकली जाते. ऊसतोडणी कामगारांची मुले हंगामापुरती ज्या शाळांत येतात, त्या शाळांत हा भाग गाळू नये. ती मुले संध्याकाळी गाडीवर बसून जातात आणि त्यांचे हात परावर्तकापर्यंत पोहोचतात.

पाठाची नोंद

पाठानंतर एक आठवडा निरीक्षण ठेवावे. गावात मुक्कामी वा फेरीस येणारी एस. टी., ट्रॅक्टरची ट्रॉली, दोन-तीन मोटारसायकली व एक-दोन बैलगाड्या निवडाव्यात. वाहन पूर्ण थांबून यंत्र बंद झाल्यावर, चालकाची परवानगी घेऊन, शिक्षक जवळ असतानाच मुलांनी गाडीजवळ जावे. सुरू गाडीच्या मागे कोणीही उभे राहू नये. ओलसर पांढरा कागद तोंडाच्या एका ठिकाणी व पाठीच्या तीन ठिकाणी, तळाशी, मध्यावर व वर, एकेकदा दाबून काढावा आणि त्यावर वाहन, जागा व दिनांक लिहावा. सुकलेले कागद भिंतीवर ओळीने लावले म्हणजे वेगळा तक्ता काढण्याचे कारण राहत नाही. मोटारसायकलच्या बाबतीत निकाल बसपेक्षा निराळा येईल, कारण तिला सपाट पाठ नाही. तेथे चाकाचाच वाटा मोठा. मुलांनी त्याचे कारण विचारले, तर उत्तर देण्याऐवजी त्यांना पुन्हा सायकल व मडगार्डाकडे न्यावे.

कागद घेऊन झाल्यावर त्याच पाण्याने त्या वाहनाचे लाल दिवे, परावर्तक व क्रमांकाची पाटी पुसून द्यावी. हे निरीक्षण नोव्हेंबर ते मार्च या काळात घेणे सोईचे. त्या वेळी हवा कोरडी असते, रस्त्यांवर धूळ असते आणि उसाच्या गाड्याही चालू असतात.